खुरप्यांचे दप्तर

मनुष्यजातीने ज्या आयुधांनी एकमेकांची डोकी उडवली ती मखमलीवर मांडून त्यांच्यावर दिव्यांचा झोत सोडावा, आणि ज्या आयुधांनी तिला दोन वेळचे अन्न मिळवून दिले ती अडगळीच्या खोलीत फुटक्या घंगाळाखाली सारून द्यावी, ही प्रथा सर्व सुसंस्कृत देशांत इतकी रूढ झालेली आहे, की तिच्यात काही विपरीत आहे हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. तलवार, कट्यार, पट्टा, बिचवा यांची गोष्टच सोडा. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्ते, दिवे आणि पाय घासायच्या वज्र्या किती ममतेने जमवल्या आहेत हे ज्याने पाहिले असेल, त्याला टाचेवरचा मळ काढणाऱ्या साधनाला लाभलेली प्रतिष्ठा भूमीवरचे तण काढणाऱ्या खुरप्याला का लाभू नये, असा प्रश्न पडल्यावाचून राहणार नाही.

तलवारीला निदान एखाद्या लढाईत जय मिळाल्याचा पुरावा सादर करता येतो, आणि जय नाही तर पानिपतासारखा भव्य पराजय तरी तिच्या खात्यावर चढवता येतो. खुरपे ज्या युद्धात पिढ्यानुपिढ्या लढत आलेले आहे त्या युद्धात जय नाही, पराजय नाही, तहाची बोलणी नाहीत आणि फौज माघारी बोलावण्याचा हुकूमही नाही. श्रावणात उपटलेले तण भाद्रपदात, मधल्या काळात रजेवर गेले होते अशा थाटात, पुन्हा आपल्या जागी रुजू होते. अशा आयुधावर पोवाडा रचायचा म्हटले तर शाहिराने डफ खाली कुठे ठेवावा? खुरप्याची कदर केली ती संतांच्या कथांनीच. सोलापूर जिल्ह्यातल्या अरण गावी सावता माळ्यांच्या मळ्यात पांडुरंग लपायला जागा शोधत आला, तेव्हा सावतोबांनी हातातल्या खुरप्याने आपलीच छाती उघडून देवाला आत घेतले आणि वरून उपरणे बांधून ते भजन करीत राहिले, अशी कथा सांगतात. देवाचे पुढे काय झाले हे भाविकांना तोंडपाठ आहे. खुरप्याचे काय झाले हे विचारण्याची बुद्धी कोणाला झाली नाही. माझा स्वतःचा तर्क असा, की सावतोबांनी ते धुतले आणि राहिलेला वाफा पुरा केला.

ही उणीव भरून काढण्याचा विडा आमच्या परिचयाच्या एका सेवानिवृत्त मामलेदारसाहेबांनी उचललेला आहे. ज्या गृहस्थाने उभी हयात दुसऱ्यांच्या जमिनींची दप्तरे सांभाळण्यात घालवली, त्याच्या वाट्याला निवृत्तीनंतर स्वतःची चार गुंठे जमीन आली असता त्याने तिच्यावर काय करावे याविषयी कोणताही शासकीय आदेश नाही. त्यांच्या बरोबरीच्या कोणी गुलाबांची कलमे लावली, कोणी ज्ञानेश्वरीचे वर्ग सुरू केले, एकाने सुनेशी वैर धरले; मामलेदारसाहेबांनी मात्र तण काढण्याची जुनी हत्यारे जमवायला घेतली. दिवाणखान्याची पूर्वेकडील संपूर्ण भिंत त्यांनी या कामी लावलेली असून, प्रत्येक हत्याराची नोंद लाल कापडी बांधणीच्या एका रजिस्टरात अनुक्रमांक, वस्तूचे वर्णन, कोणापासून प्राप्त, अदा केलेली रक्कम आणि शेरा अशा पाच रकान्यांत ठेवलेली आहे. पाहुण्याने चहाचा पहिला घोट घेतला न घेतला तोच रजिस्टर उघडते, आणि मग चहा आपल्या स्वाधीन राहत नाही.

भिंतीच्या डाव्या अंगाला विलायती विभाग आहे. त्यातले पहिले हत्यार म्हणजे दिसायला साधी, मुठीला गुळगुळीत झालेली चालण्याची काठी. तिच्या खालच्या टोकाला बोटभर रुंदीचे पटाशीसारखे पाते बसवलेले असते. एकोणिसाव्या शतकातला इंग्रज जमीनदार सायंकाळी फिरायला निघाला म्हणजे कुरणात दिसलेले काटेरी रोप या काठीच्या टोकाने, चालता चालता आणि कमरेत किंचितही न वाकता, मुळाशी छाटून टाकीत असे. फिरण्याचे फिरणे, शेतीची शेती, आणि शेजाऱ्याने पाहिले तर आपण काम करीत होतो असा आरोप सिद्ध होण्याची भीती नाही, अशी तिहेरी सोय असलेले हे साधन मामलेदारसाहेबांच्या मते राज्यकर्त्या जातीच्या प्रतिभेचा अस्सल नमुना आहे. त्याच्या शेजारी पाठीला बाक दिलेला एक दुतोंडी काटा आहे. त्याची दोन टोके हिरवळीत उगवलेल्या डेझीच्या मुळाखाली घालायची आणि बाकाचा टेकू करून मूठ दाबायची, की झाड मुळासकट वर येते. ज्या देशात हिरवळीवरचे एक पांढरे फूल काढून टाकण्यासाठी स्वतंत्र लोखंड ओतले गेले, त्या देशाला साम्राज्य चालवायला फावले कसे, हे कोडे मला अजून सुटलेले नाही. तिसरे हत्यार लांब दांड्याचे ढकलायचे खुरपे. त्याने काम करणारा माळी उलट पावली मागे सरकत जातो, कारण पुढे चालला तर नुकत्याच मोकळ्या केलेल्या मातीवर त्याचेच पाऊल पडते. मामलेदारसाहेबांनी हे मला दिवाणखान्यात प्रत्यक्ष करून दाखवले. तिपाई वाचली, पण कुंडी वाचली नाही.

या सर्वांच्या वर लट्रेल साल्टर या चौदाव्या शतकातल्या सचित्र स्तोत्रग्रंथातील एका चित्राची चौकटीत बसवलेली प्रत टांगलेली आहे. इंग्लंडातल्या लिंकनशायरमधील सर जेफ्री लट्रेल या सरदारासाठी तयार केलेल्या त्या ग्रंथाच्या समासात, देवाच्या स्तुतीच्या अगदी बगलेत, दोन माणसे शेतातले काटेरी तण काढताना रंगवलेली आहेत. एका हातात लांब दांड्याची दुबेळकी काठी, दुसऱ्या हातात लांब दांड्याचा आकडा. दुबेळक्याने रोप दाबून धरायचे आणि आकड्याने बुडापासून कापायचे. तण काढणाऱ्याला एक हात कमी पडतो हे सत्य त्या चित्रकाराला सहाशेहून अधिक वर्षांपूर्वी कळले होते. फक्त त्या दोघांच्या चेहऱ्यांवर जी स्वस्थता त्याने दाखवली आहे तिच्यावरून, त्याने स्वतः कधी तण काढले नसावे असे वाटते.

विलायती विभाग संपला, की मामलेदारसाहेबांचा स्वाभिमान जागा होतो. जेथ्रो टल नावाच्या इंग्रजाने १७३१ साली घोड्याने ओढायच्या कोळप्यावर ग्रंथ लिहिला आणि माती पुरेशी भुसभुशीत ठेवली तर खताचीही गरज नाही असे प्रतिपादन केले, म्हणून त्याला शेतीसुधारणेचा आद्य पुरुष म्हणतात. आणि आमच्या देशावरचा कुणबी तिफणीने ओळीत पेरून, दोन ओळींमधले तण बैलाच्या कोळप्याने आणि ओळीतले खुरप्याने काढीत आला, तर त्याला मात्र अडाणी म्हणतात, हा त्यांचा कायमचा तक्रारअर्ज आहे. या अर्जासोबत जोडायला त्यांच्यापाशी एक भक्कम दाखलाही आहे. डॉक्टर जॉन ऑगस्टस व्होल्कर हे इंग्लंडच्या रॉयल अॅग्रिकल्चरल सोसायटीचे रसायनज्ञ. हिंदुस्थानच्या शेतीत सुधारणा सुचवण्यासाठी सरकारने त्यांना १८८९ मध्ये इकडे धाडले. १८९३ साली त्यांचा अहवाल छापून आला, आणि त्यात त्यांनी, जमीन तणापासून इतकी कसोशीने स्वच्छ ठेवल्याची उदाहरणे याहून चांगली कुठे सापडणार नाहीत, अशा अर्थाचे प्रशस्तिपत्र इथल्या शेतकऱ्याला देऊन टाकले. सुधारणा सुचवायला आलेला साहेब कौतुक करून परत गेला, असा प्रसंग सरकारी दप्तरात वारंवार घडत नाही. मामलेदारसाहेब त्या उताऱ्याचा आशय प्रत्येक पाहुण्याला, खिडकीकडे पाठ करून, ऐकवतात.

खिडकीकडे पाठ करणे आवश्यक असते, कारण खिडकीबाहेर त्यांचा स्वतःचा बगीचा आहे.

त्या बगीच्याचे वर्णन करायचे तर महसुली भाषाच वापरली पाहिजे. मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९४८, यातील कलम ३२ ग खालची प्रकरणे चालवण्यात मामलेदारसाहेबांची उमेदीची वर्षे गेलेली असल्यामुळे, तणाकडे शत्रू म्हणून पाहणे त्यांना जमतच नाही. ते त्याच्याकडे कूळ म्हणून पाहतात. हरळी हे त्यांच्या दृष्टीने सर्वांत जुने कूळ, बंगल्याचा पाया खणण्यापूर्वीपासून वहिवाटीत असलेले. लव्हाळा हे संरक्षित कूळ. वरून उपटला तर त्याच्या पात्यांचा झुबका निमूटपणे हातात येतो, आणि खाली सुतळीत ओवल्याप्रमाणे एकामागोमाग असलेल्या गाठी तशाच राहतात. खुरप्याने ती माळ तोडली, तर आजवर निजलेली प्रत्येक तुटकी गाठ स्वतंत्र अंकुर काढून वेगळा हिस्सा मागते. म्हणजे बेदखलीची नोटीस एका कुळावर बजवावी आणि तारखेला त्याचे सात वारस हजर व्हावेत. गाजरगवत हे अलीकडचे अतिक्रमण. १९५५च्या सुमारास ते पुण्यातच पहिल्यांदा नजरेस आले, आणि अमेरिकन गव्हाच्या पोत्यांतून आले अशी लोकांची समजूत आहे. कसे का येईना, एका पिढीच्या आत त्याने देशभर आपले अतिक्रमण नियमित करून घेतले, आणि ज्याने ते उपटायला नुसता हात लावला त्याला अंगभर खाज हा दंड केला. बाकी केना, दुधाणी, आघाडा, टाकळा ही किरकोळ कुळे. पावसाळ्यापुरती येतात आणि जाताना बी ठेवून जातात.

यात मला सर्वांत रम्य वाटणारी गोष्ट ही, की १९७७ साली जगातल्या अत्यंत उपद्रवी तणांवर जो प्रसिद्ध ग्रंथ निघाला त्यात पहिला मान लव्हाळ्याला आणि दुसरा हरळीला मिळालेला आहे. म्हणजे जगाच्या शेतीचे जे दोन सर्वांत मोठे गुन्हेगार ठरले, त्यांपैकी दुसऱ्याच्या एकवीस-एकवीस काड्यांच्या जुड्या आपण गणेशचतुर्थीच्या आदल्या दिवशी मंडईत घासाघीस करून विकत घेतो, आणि पहिल्याच्या चुलतभावाला नागरमोथा या भारदस्त नावाखाली दिवाळीच्या उटण्यात घालून नरकचतुर्दशीच्या पहाटे अंगाला चोळतो. मामलेदारसाहेबांच्या घरीही दुर्वा मंडईतून येतात. फाटकापासून पायरीपर्यंत हरळी तुडवीत त्या आत आणाव्या लागतात एवढेच. मी एकदा याकडे त्यांचे लक्ष वेधले असता, “अहो, देवाला वाहायची ती विकत घेतलेलीच बरी, ही आमच्याशी वादात आहे,” असे उत्तर त्यांनी दिले, आणि कायद्याच्या दृष्टीने ते मला बिनतोड वाटले.

संग्रहाचा मानबिंदू मात्र उजवीकडच्या देशी विभागात, अगदी मधोमध, पितळी खिळ्यावर टांगलेला होता. अनुक्रमांक ४१, वर्णन ‘खुरपे, पेशवेकालीन, सुस्थितीत’. आठवड्याच्या बाजारात जमिनीवर पथारी टाकून बसलेल्या एका विक्रेत्याने ते त्यांना मोठ्या नाखुशीने, घराण्याचा वारसा विकताना माणूस जसा गदगदतो तसा गदगदून, दिले होते. त्याच्यावर गंज भरपूर होता. पण मिठाच्या पाण्यात बुचकळून महिनाभर ओल्या मातीत पुरले तर कोणत्याही लोखंडाला हवे ते शतक प्राप्त होते, हे जुन्या वस्तूंच्या व्यापारात गुपित राहिलेले नाही. मी ते हातात घेऊन उजेडात धरले. पात्याला एक मंद, एकसारखा बाक होता, आणि मुठीकडच्या बाजूला हातोड्याने ठोकून जवळजवळ मिटवलेले, पण संपूर्ण न मिटलेले, एक वाटोळे भोक होते. मालमोटारीचे पाटे एकत्र आवळणारा मधला बोल्ट ज्या भोकातून जातो, ते भोक. पेशवाईत मालमोटारी चालत असल्याचा कागद पेशवे दप्तराच्या हजारो रुमालांत अद्याप मिळालेला नसल्यामुळे, मी ते खुरपे मुकाट्याने खिळ्यावर परत ठेवले.

वस्तुतः यात त्या खुरप्याचा काहीही कमीपणा नव्हता. मालमोटारीचा तुटका पाटा हे खुरप्यासाठी उत्तम पोलाद, आणि त्यापासून अवजारे घडवणारे घिसाडी हे आपल्या विद्येत कोणत्याही विलायती कारखानदाराला हार जाणारे नाहीत. रस्त्याच्या कडेला त्यांचे बिऱ्हाड पडते, जमिनीत लहानशी भट्टी, बाजूला भाता. पुरुष सांडशीत धरलेले लाल लोखंड ऐरणीवर फिरवतो आणि त्याची बायको, पदर खोचून, डोक्याच्याही वर नेलेला घण नेमका तो दाखवील तिथे उतरवते. दोघांत शब्दही होत नाही. सांडशी तसूभर सरकते, घण तसूभर सरकतो. मग पाते पाण्यात जाते, चर्रर्र आवाज होतो, पुन्हा भट्टीत, पुन्हा पाण्यात, आणि पाणी किती द्यायचे हे तो लोखंडाच्या रंगावरून ठरवतो. गाव एके ठिकाणी नांदत होता तेव्हा हेच काम बलुतेदार लोहार करी, आणि खळ्यावरच्या धान्यात त्याचे बलुते ठरलेले असे. अशा हातांनी आजच्या पाट्याचे खुरपे केले, तर त्याला पेशवाईचा खोटा दाखला जोडण्याची काय गरज?

पण जुन्या खुरप्यांच्या बाबतीत याहून मोठी एक अडचण आहे. तलवार शतकानुशतके म्यानात राहिली तरी ती तलवारच असते. खुरप्याचे तसे नाही. खुरपे वापरले म्हणजे झिजते, झिजले म्हणजे पाजवावे लागते, पाजवले म्हणजे अधिक झिजते, आणि आठ-दहा पावसाळ्यांत त्याचे पाते मुठीच्या इतके जवळ येते, की ते फेकून द्यावे की नाही हे ठरवण्याइतकेही शिल्लक राहत नाही. सावतोबांचे खुरपे म्हणूनच कुठल्या देवळात नाही. तात्पर्य काय, तर जे खुरपे अखंड, टोकदार आणि ‘सुस्थितीत’ असे पुढच्या पिढीच्या हाती पडते, ते कोणा आळशी माणसाचे असते. मामलेदारसाहेबांच्या भिंतीवर तीन खंडांतल्या आणि दोन शतकांतल्या निवडक आळशांची स्मारके ओळीने टांगलेली आहेत, असे मी त्यांना अत्यंत आदरपूर्वक सुचवून पाहिले. त्यांनी ते रजिस्टरात घेतले नाही, परंतु कानाआडही केले नसावे, असे पुढच्या हकिकतीवरून दिसते.

त्यांच्या बगीच्याची खुरपणी करायला पावसाळ्यात मुळशीकडची एक बाई येते. तिची बसण्याची रीत शेतातलीच. लुगड्याचा काचा मारून ती उकिडवी बसते, जणू डावीउजवीकडे आणखी दहा जणी आपापली पात धरून बसल्या आहेत अशा शिस्तीने एक पट्टा धरते, आणि मागे न पाहता तो टोकाला नेते. खुरप्याची मूठ चार बोटांची, तेव्हा कंबर वाकल्यावाचून गत्यंतर नाही. विलायती विभागातले लांब दांडे पाहून आल्यावर ही गोष्ट मनाला लागते. कॅलिफोर्नियात शेतमजुरांना अशीच आखूड दांड्याची कुदळी देत, आणि लांब दांड्याने पिकाला इजा होईल असे कारण सांगत. आतली गोष्ट अशी होती, की मुकादमाला दुरूनही कोण ताठ उभा आहे ते दिसावे. पाठी मोडलेल्या मजुरांनी न्यायालयात धाव घेतली आणि १९७५ साली तिथे ती कुदळी बंद झाली. आपल्याकडे कोणी खटला भरला नाही. पुरुषांनी कोळपे धरून चालत जायचे आणि बायकांनी खुरपे घेऊन बसायचे, आणि रोज मात्र चालणाऱ्याला जास्त द्यायचा, ही वाटणी कोणत्या सनदेने झाली ते मामलेदारसाहेबांनाही सांगता आलेले नाही.

तर त्या दिवशी साहेब स्वतः पायरीवर खुर्ची टाकून बाईचे काम पाहत होते आणि मी चहाच्या आशेने शेजारी बसलो होतो. एकाएकी त्यांची नजर तिच्या हातातल्या खुरप्यावर खिळली. पाते झिजून झिजून दोन बोटे उरले होते, चंद्रकोरीचा नुसता आकार. बाभळीच्या मुठीला तिच्या अंगठ्याची खळ पडली होती, आणि मुठीची लोखंडी कडी दोनदा तार गुंडाळून जागेवर राहिलेली होती.

“बाई, हे खुरपे किती वर्षांचे?” साहेबांनी विचारले.

“सासूचं हाये,” बाई म्हणाली. तिचा हात थांबला नाही.

“मला देता का?”

आता हात थांबला. तिने वर पाहिले, साहेबांकडे, मग माझ्याकडे, आणि दोघांतला शहाणा कोण याचा निर्णय न झाल्यामुळे पुन्हा साहेबांकडे. “तुमास्नी दिलं तर म्या खुरपू कशानं?”

साहेबांनी तिला आत नेऊन भिंत दाखवली आणि हवे ते उचल म्हणून सांगितले. माझ्या माहितीप्रमाणे दप्तराच्या इतिहासात असा हुकूम प्रथमच सुटला. बाईने विलायती विभागाकडे एक दृष्टी टाकली आणि कोपऱ्यात ठेवलेल्या गाद्यांच्या ढिगाकडे जितक्या कुतूहलाने पाहावे तितक्याच कुतूहलाने ती पुढे सरकली. चालण्याची काठी तिने उचलली, पाते पाहिले, “म्हाताऱ्या मान्साचं दिसतंय,” म्हणाली आणि ठेवली. अनुक्रमांक ४१ शी आल्यावर तिने अंगठ्याने गंज खरवडला, पाते नखाने वाजवून कानाशी नेले, आणि पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर समाधान दिसले. “ह्ये चांगलं हाये. पाट्याचं. घिसाड्याकडनं जरा पाजवून घेतलं तं धा वर्सं बघाया नको.”

साहेबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. पण आयुष्यभर दिलेला निकाल फिरवण्याची सवय नसल्यामुळे त्यांनी रजिस्टर काढले, अनुक्रमांक ४१ समोरचा ‘पेशवेकालीन’ हा शब्द एका रेघेने खोडून त्याखाली आद्याक्षरी केली, आणि नवा अनुक्रमांक घालून लिहिले : ‘खुरपे, झिजलेले. वापरात असलेल्या इसमाकडून अदलाबदलीने प्राप्त. रक्कम निरंक.’ बाई दाराशी थांबून हे सर्व लेखन पुरे होईपर्यंत पाहत होती.

“झालं का लिवून?” तिने विचारले.

“झाले.”

“मग ह्यात अर्धा तास ग्येला त्यो रोजात धरायचा. निरंक नाय लिवायचं.”

साहेबांनी रकाना उघडला आणि रक्कम मांडली.